विहिरीतला पाव आणि चवदार तळ्याचे पाणी

काळाराम मंदिर सत्याग्रहाला अभिवादन करण्याचा २ मार्चचा कार्यक्रम आटोपला की आम्ही दहा-बाराजण पंचवटीतून चालत निघतो आणि कुठेतरी मिसळ खायला बसतो. नाशिकमध्ये राहून याला पर्याय नाही. यंदा ताटे समोर आली आणि कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने मोबाईल पुढे केला. त्यावर आलेला मजकूर असा की, पाव ही परकी वस्तू आहे, फिरंग्यांनी ती हिंदूंना बाटवायला आणली, म्हणून खऱ्या मराठी माणसाने मिसळ भाकरीबरोबरच खावी. मुलगा विचारत होता, याला उत्तर काय द्यायचे? लगेच आमच्यातला एक जुना कार्यकर्ता म्हणाला, "उत्तर सोपं आहे. बरं झालं बाटवलं! पोर्तुगीज आले, पाव आला, तेव्हाच जातीला पहिली चीर गेली." अर्धा तास वाद झाला आणि रस्सा थंड झाला.

आमच्या मते दोघेही चुकत होते. मजकूर लिहिणाऱ्याला जात लपवायची आहे, ते समजण्यासारखे आहे. पण आपल्या कार्यकर्त्यानेही पोर्तुगिजांच्या प्रेमात तीच जात नजरेआड केली. म्हणून हा लेख दोघांसाठी.

आधी ताटच नीट पाहू. मटकी इथली. कांदा, आले, लसूण जुनेच. पण रश्श्याचा जाळ मिरचीचा आहे आणि मिरची मूळची अमेरिका खंडातली. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोचला, १५०० मध्ये काब्राल ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला आणि १५१० मध्ये आल्बुकर्कने आदिलशहाकडून गोवा घेतला. ब्राझील, आफ्रिकेचा किनारा आणि गोवा एकाच दर्यावर्दी सत्तेच्या वाटेवर आले. त्याच वाटेने मिरची, काजू, अननस, पपई, तंबाखू ही मंडळी इकडे उतरली. त्याआधी आपल्याकडे तिखट म्हणजे मिरी, पिंपळी, सुंठ. 'मिरची' हे नावच मिरीवरून पडले आहे. मुंबईच्या बाजारात तिला 'गोवई मिरची' म्हणत, यावरून ती कुठल्या बंदरातून आली तेही कळते.

इथे थोडे थांबण्यासारखे आहे. मिरी मलबारच्या पावसात वेलीवर होते. ती व्यापाऱ्याची आणि राजाची वस्तू होती, तिच्यासाठीच तर युरोपातून जहाजे निघाली. मिरची मात्र परसात येते, बांधावर येते, वाळवून वर्षभर टिकते. ज्याच्या घरात तेल नाही, डाळ नाही, त्याच्या भाकरीवर मीठ आणि मिरचीचा गोळा आला. आपल्या आज्या-पणज्यांनी ज्या ठेच्यावर दिवस काढले तो ठेचा पाचशे वर्षांपूर्वी अस्तित्वात असू शकत नव्हता. 'आपले पारंपरिक जेवण' म्हणताना एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ गर्व उतरतो. अर्थात सगळे श्रेय पोर्तुगिजांना देणेही खरे नाही. 'बटाटा' हा शब्द त्यांचा, पण बटाटा गावोगाव पोचला तो इंग्रजांच्या काळात. टोमॅटोही उशिराचाच. आज पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट रचलेले पाहिले की वाटते, हे पीक इथे अनादिकाळापासून असावे.

शब्दांचेही तसेच. पाव, काजू, अननस, कोबी, हापूस हे शब्द पोर्तुगिजांकडून आले हे पुष्कळांना ठाऊक असते. पण पगार, घमेले, लिलाव, तुरुंग, चावी हेही त्यांच्याकडचे. यातल्या तीन शब्दांपाशी आंबेडकरी माणसाने रेंगाळायला हवे. गावगाड्यात राबण्याच्या मोबदल्याला आपल्या भाषेत शब्द होता, बलुते. ते मागून, पदर पसरून घ्यायचे. ठरलेल्या कामाची ठरलेली रक्कम, महिन्याच्या महिन्याला, या गोष्टीचे नाव मात्र परक्याकडून घ्यावे लागले. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक आणले, तेव्हा झगडा याचसाठी होता. वतन नको, कामाचा दाम द्या. घमेले तर आजही आपल्या बायाबापड्यांच्या डोक्यावर आहे. सकाळी नाशिकच्या कुठल्याही मजूर नाक्यावर जाऊन पाहा.

आणि लिलाव. लासलगावला कांद्याचा लिलाव, पिंपळगावला टोमॅटोचा लिलाव, हा शब्द नाशिक जिल्ह्यात दिवसातून किती वेळा उच्चारला जात असेल याची गणती नाही. जुन्या गोव्यात लिलाव रोज सकाळी मुख्य रस्त्यावर भरे. लिन्शोटेन नावाचा डच माणूस १५८३ ते १५८८ या काळात गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी होता. त्याने लिहून ठेवले आहे की तिथे घोडे, गालिचे, सुगंधी द्रव्ये यांच्याबरोबर माणसेही विकली जात. आफ्रिकेतून आणलेली, बंगालमधून आणलेली, इथलीही. पाव आणणारी जहाजे आणि गुलाम आणणारी जहाजे वेगळी नव्हती. नाशिकला याची एक खूण आहे, फारसे कुणी सांगत नाही. आज ज्याला आपण शरणपूर म्हणतो तिथे १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने ख्रिस्ती वसाहत वसवली. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर अरब आणि पोर्तुगीज व्यापाऱ्यांचा जो गुलामांचा धंदा चाले, त्यातून सोडवलेली मुले इथे आणून शिकवली जात. जेकब वेनराईट हा त्यांतलाच एक. लिव्हिंगस्टनचे शव आफ्रिकेतून इंग्लंडला नेणाऱ्यांत तो होता आणि १८७४ मध्ये लंडनला अंत्यविधीच्या वेळी तो हजर होता. पोर्तुगिजांना मुक्तिदाते ठरवण्याआधी आपल्या मित्राने शरणपूर रोडवरून एक चक्कर मारावी, इतकेच आमचे म्हणणे.

आता पावाकडे येऊ. गोव्याची माणसे भात खाणारी. पोर्तुगिजांना गव्हाचा पाव हवा होता, जेवणात तर हवाच पण चर्चमध्येही. त्यांच्या उपासनेत प्रसाद गव्हाचा आणि मद्य द्राक्षाचे लागते. गहू घाटावरून, बाहेरून मिळे. फुगवायला यीस्ट नव्हते, तेव्हा माडाची ताडी, जिला तिकडे सूर म्हणतात, ती पिठात घातली गेली. सासष्टीतल्या माजोर्डे गावच्या लोकांना जेझुइट पाद्र्यांनी पाव भाजायला शिकवले, असे गोव्यात सांगतात. पाव भाजणारा तो पोदेर, हाही पोर्तुगीज शब्दच. पोळी, उंडो, काकणां असे पावाचे प्रकार घेऊन सायकलचा भोंगा वाजवत फिरणारा पोदेर अजून गोव्याच्या गावांत दिसतो. गोव्याच्या बेकरीवाल्यांनी हा धंदा मुंबईला आणला, मग इराणी आले, आणि तिथून पाव घाट चढून नाशिकला आला. आम्ही पाहिलेल्या इथल्या भट्ट्यांवर राबणारी मुले बहुतेक उत्तर प्रदेशातली मुसलमान कारागीर आहेत. 'कणीक पायाने तुडवतात म्हणून त्याला पाव म्हणतात' अशी एक व्युत्पत्ती आपल्याकडे मोठ्या गंभीरपणे सांगितली जाते. ती साफ खोटी आहे. पण ती कुणाच्या किळसेतून जन्मली असेल हे ओळखणे अवघड नाही. परक्याच्या, ख्रिस्त्याच्या, मुसलमानाच्या हातचे नको, हे सरळ म्हणता येत नाही तेव्हा पाय मध्ये आणतात.

याच किळसेवर ती प्रसिद्ध गोष्ट उभी आहे. गोव्यात ती सांगतात, वसई-साष्टीतही सांगतात. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगिजांकडे होती. गोष्ट अशी. पाद्री रात्री गावच्या विहिरीत पावाचा तुकडा टाकतो, काही ठिकाणी गोमांसाचा. सकाळी बाया पाणी भरतात, गाव पाणी पितो. मग पाद्री जाहीर करतो की तुम्ही आमचे पाणी प्यालात. आणि गाव बाटतो.

मोबाईलवरचा मजकूर इथेच थांबतो आणि पाद्र्याच्या कपटावर बोट ठेवतो. आपण एक पाऊल पुढे जाऊ. या गोष्टीत बाप्तिस्मा नाही. कुणी येशूवर श्रद्धा असल्याचे सांगितलेले नाही. गावकरी काल जे होते तेच आज आहेत, फक्त पाणी प्याले आहेत. मग त्यांना बाटलेले कोणी ठरवले? पाद्र्याने म्हणून काय होते! बाटल्याचा निवाडा दिला तो शेजारच्या गावच्या भटजीने, जातपंचायतीने, सोयऱ्याधायऱ्यांनी. पाद्र्याने फक्त तुकडा टाकला. दार लावून घेतले ते आतल्यांनी. प्रायश्चित्त नाही, परत येणे नाही, लेकीबाळींची लग्ने होणार नाहीत. मग गाव चर्चकडे जाणार नाही तर कुठे?

हे खरोखर किती विहिरींच्या बाबतीत घडले हा वेगळा प्रश्न. धर्मांतरामागे जमिनीचे कायदे होते, नोकऱ्या होत्या, वडील वारलेल्या हिंदू मुलांना ताब्यात घेण्याचे हुकूम होते, १५४० नंतर तिसवाडीतली आणि १५६७ मध्ये सासष्टीतली पाडलेली देवळे होती. नुसत्या पावाने राज्य ख्रिस्ती होत नसते. तरीही ही गोष्ट चारशे वर्षे टिकली, कारण ती ऐकणाऱ्याला खोटी वाटली नाही. पाण्यात पावाचा तुकडा पडला तर माणूस धर्मातून जातो, हे सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही मान्य होते.

आणि आम्ही विचारतो, त्याच गावाच्या कडेला जी वस्ती होती तिचे काय? तिला त्या विहिरीचे पाणी आधीच बंद होते. ज्या गावाची विहीर पावाने बाटत होती, ती आमच्या पोहऱ्याने कितीतरी आधीपासून बाटत आली होती. फिरंग्यांनी ब्राह्मणी व्यवस्थेचे शस्त्र तिच्यावरच चालवले, पण ते शस्त्र घडवले नव्हते. ते इथेच तयार होते. रत्नागिरीच्या काळात सावरकरांनीही रोटीबंदी, शुद्धीबंदी यांना बेड्या म्हटले होते, हे मान्य करू. पण त्यांचा जीव संख्येसाठी तुटत होता, विहिरीबाहेर उभ्या असलेल्या माणसासाठी किती, हे ज्याने त्याने वाचून ठरवावे. १९२८ मध्ये मसूरकर महाराजांनी गोव्यातल्या हजारो गावड्यांना शुद्ध करून परत घेतले. परत घेतले म्हणजे कुठे? 'नवहिंदू गावडे' अशी एक वेगळी जात तयार झाली. आधीच्या पायरीवरच, पण वेगळ्या चटईवर.

आता आपल्या कार्यकर्त्याच्या मुद्द्याकडे. पोर्तुगिजांनी जात मोडली काय? गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन बसले आणि मधला थोडा खंड सोडता १८१२ पर्यंत चालले. अनंत काकबा प्रियोळकरांनी त्यावर मोठा ग्रंथ लिहिला आहे, आपल्या अभ्यासवर्गात तो वाचायला हवा. १७३६ च्या फर्मानात नव्या ख्रिस्त्यांनी काय करायचे नाही याची यादी आहे. तुळस लावायची नाही, धोतर नेसायचे नाही, आणि भात बिनमिठाचा शिजवून वरून मीठ घालायचे नाही, कारण ती हिंदूंची रीत! भातात मीठ कधी पडते यावर धर्मसत्तेची नजर. हे वाचताना आम्हाला हसू आले आणि लगेच थांबले. चुलीपर्यंत पोचणारी सत्ता आपल्याला नवी नाही. मनूच्या नावाने तीच चालली होती. एकाची सही लॅटिन अक्षरांत, दुसऱ्याची नागरीत.

जात तर चर्चमध्ये शिरली आणि आरामात राहिली. बामण ख्रिस्ती, चाड्डे ख्रिस्ती, सुदिर ख्रिस्ती, आणि सगळ्यांच्या खाली महार-चांभार ख्रिस्ती. चर्चच्या उत्सवाचा मान कुणाचा, कोणत्या बंधुमंडळात कुणाला घ्यायचे, यावर गावोगाव तंटे झाले. लग्ने जात पाहूनच होत राहिली. पाव सगळे एकच खात होते. बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावर लिहिताना हेच दाखवले आहे, की ख्रिस्ती होऊनही अस्पृश्याची अस्पृश्यता सुटली नाही. १९३५ मध्ये येवल्याला घोषणा केल्यावर १९५६ पर्यंत ते एकवीस वर्षे का शोधत राहिले, याचे एक उत्तर इथे आहे.

पाव खाऊन जात मोडण्याचा प्रयत्न मात्र महाराष्ट्रात झाला, आणि तो आपण विसरता कामा नये. मुंबईत १८४९ च्या सुमारास दादोबा पांडुरंग वगैरेंनी परमहंस सभा काढली. सभासद व्हायचे तर ख्रिस्त्याने भाजलेला पाव खायचा, परजातीच्या, मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे. गोव्यातल्या गोष्टीत जो तुकडा चोरून विहिरीत टाकावा लागला, तो इथे माणसे आपण होऊन तोंडात घालत होती. विचार धाडसाचा होता. पण हे सगळे दार लावून, गुपचूप. १८६० मध्ये सभासदांची नावे फुटली आणि सभा संपली. पुढे १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही मंडळी चहा-बिस्किटे घेऊन आली. त्यांत रानडे होते, टिळकही होते. गोपाळराव जोशींनी नावे छापून आणली आणि पुण्यात वर्षा-दोन वर्षांचे ग्रामण्य माजले. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले. हायकोर्टात न्यायाधीश होण्याच्या योग्यतेचा माणूस, पण रानड्यांनीही शेवटी प्रायश्चित्त घेतले. एका कप चहाचे! या मंडळींची आम्ही टवाळी करत नाही. त्यांना परत जायला घर होते, म्हणून प्रायश्चित्ताचा रस्ताही होता. आमच्यासाठी कुठले प्रायश्चित्त शास्त्रात लिहिलेच नव्हते, कारण आमचा गुन्हा पिण्याचा नव्हता, असण्याचा होता.

म्हणून २० मार्च १९२७ चे महाड या सगळ्यांहून वेगळे आहे. तिथे कुणी रात्री काही टाकले नाही, कुणी दार लावून काही खाल्ले नाही. भरदिवसा, हजारोंच्या समोर बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. मग अफवा उठली की हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. मंडपात जेवणाऱ्या आपल्या माणसांवर हल्ला झाला, अन्न मातीत तुडवले गेले. पुढे सनातन्यांनी १०८ घागरी पाणी काढून, शेण-गोमूत्र ओतून तळे शुद्ध केले. गोव्याच्या विहिरीशेजारी हे ठेवून पाहा. तिथे पावाने विहीर बाटली तर गाव बाहेर फेकला गेला. इथे माणसाने पाणी पिऊन तळे बाटले तर तळेच धुऊन घेतले. दोन्हीकडे नियम एकच, फक्त पाव मागे राहिला आणि त्याच्या जागी आम्ही आलो. त्याच महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले, हेही विसरू नका. ते सोवळेपण नव्हते. गावाने टाकलेले खाणार नाही, हा निर्णय होता.

आता जरा पंचवटीकडे परत येऊ. एकादशीच्या दिवशी नाशिकच्या कुठल्याही खानावळीत उपवासाचे ताट मागवा. साबुदाण्याची खिचडी, तिच्यात बटाटा, शेंगदाण्याचे कूट, हिरवी मिरची, बाजूला रताळे. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कसावा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा, रताळे, भुईमूग, मिरची, सगळी तिकडचीच. कुठली पोर्तुगिजांच्या जहाजातून आली, कुठली स्पॅनिशांच्या, कुठली उशिरा इंग्रजांच्या हातून वाढली. हजारो वर्षे इथे पिकणारी ज्वारी उपवासाला चालत नाही आणि म्लेंच्छांच्या जहाजातून उतरलेला बटाटा चालतो! धर्मशास्त्रात त्याचे नाव नव्हते, म्हणून तो निषिद्धही नव्हता, अशी पळवाट असेल. असो. सीताफळ आणि रामफळ या फळांचेही मूळ वनस्पतिशास्त्रज्ञ अमेरिकेत सांगतात. जुन्या शिल्पांत सीताफळ दिसते असे म्हणणारे अभ्यासकही आहेत, तो वाद चालू द्या. पण सीता गुंफेच्या गावात राहणाऱ्या आम्हाला या नावांची गंमत वाटते. परदेशी फळाला रामाचे नाव मिळाले, सीतेचे मिळाले, नैवेद्यात जागा मिळाली. २ मार्च १९३० ला दादासाहेब गायकवाडांसह हजारो माणसे काळारामाच्या दारात उभी राहिली, तेव्हा दार बंद होते. ते पाच वर्षे बंद राहिले. ती माणसे याच मातीतली होती, दादासाहेब इथल्याच दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. बटाट्याला कुणी शुद्धी विचारली नाही.

तेव्हा 'परकीय अन्न' हा मुद्दाच खोटा आहे. या व्यवस्थेला वस्तू परकी असण्याचे वावडे कधीच नव्हते. काजू, तंबाखू, बटाटा तिने बिनबोभाट पचवले. तिला वावडे आहे ते हाताचे. कुणी शिजवले, कुणी वाढले, कुणी शिवले.

हाच निकष पदार्थांच्या प्रतिष्ठेलाही लागतो. गोव्यातले सोरपोतेल आज पर्यटकांच्या पुस्तकात मानाने छापले जाते. ते असते डुकराचे काळीज, हृदय आणि काही घरांत रक्तही घालून, व्हिनेगरमध्ये मुरवलेले. विंदालू म्हणजे मुळात द्राक्षाचे मद्य आणि लसूण यांत मुरवलेले मांस, इथे मद्याच्या जागी ताडीचे व्हिनेगर आले. चांगले पदार्थ आहेत, आम्ही खाल्ले आहेत. पण आपल्या वस्त्यांतली वजडी, रक्ती, तेच काळीज, तेच आतडे, यांचे नाव घेतले की समोरचा नाक मुरडतो. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवरचे पदार्थ कागदावर आणले, तेव्हा कुठे पुष्कळांना कळले की असेही एक पाकशास्त्र आहे. एकाचा अवयव पाककला ठरतो आणि दुसऱ्याचा ओंगळपणा, तो चवीमुळे नाही.

मद्याचेही असेच, आणि इथे आम्ही जरा अडचणीत आहोत हे कबूल करतो. आम्ही बौद्ध आहोत, पाचवे शील घेतलेले आहे. वस्तीत काम करताना दारूने उद्ध्वस्त झालेली घरे रोज पाहतो. त्यामुळे कुठल्याही मद्याची तरफदारी आमच्या हातून होणार नाही. पण कुणाचे मद्य संस्कृती ठरते आणि कुणाचे गुन्हा, हे विचारलेच पाहिजे. पोर्तुगिजांना चर्चसाठी द्राक्षाचे मद्य पोर्तुगालहून आणावे लागे. आज ते नाशिकला होते. १९९९ मध्ये सुला सुरू झाली, २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया धोरण आणले, आणि नाशिकला 'वाइनची राजधानी' म्हणू लागले. गोव्यात काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दुसरीकडे १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडीच्या झाडांवर कर बसला, १८९२ मध्ये मोहाच्या फुलांवरच बंधन घालणारा कायदा झाला, आणि पेठ-सुरगाण्याच्या आदिवासीचा मोह पोलिसांच्या डायरीत गेला. त्याच पेठ-सुरगाण्याची माणसे आज द्राक्षबागांत छाटणीला आणि खुडणीला येतात. २०२२ च्या जानेवारीत सरकारने सुपरमार्केटात वाइन विकायचा निर्णय घेतला, तेव्हा चर्चा शेतकऱ्याच्या हिताची झाली. खुडणाऱ्याचे नाव त्या चर्चेत आम्हाला तरी ऐकू आले नाही.

हे सगळे जुने झाले असे कुणाला वाटत असेल तर एक साधी गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही भाड्याने घर शोधत होतो. गंगापूर रोडच्या बाजूला एक घर पसंत पडले. मालकांनी चहा दिला, आडनाव विचारले. आडनावावरून त्यांना कळले नाही, म्हणून गाव विचारले. मग म्हणाले, "घरात नॉनव्हेज शिजतं का? आमच्याकडे देव आहेत." आम्ही म्हणालो, आठवड्यातून एकदा. ते म्हणाले, कळवतो. कळवले नाही. चहाबरोबर त्यांनी खारी दिली होती, बेकरीतली. आणि घर सोडा, शाळेच्या पोषण आहारात २०२३ मध्ये अंडी सुरू झाली होती, २०२५ च्या सुरुवातीला सरकारने त्याचा निधी काढून घेतला. पोराच्या ताटातले अंडे कुणाला टोचत होते, याचा शोध घ्यायला गोव्याला जावे लागत नाही.

त्या मुलाला आम्ही मिसळीच्या ताटावर इतके सगळे सांगू शकलो नाही. त्याला फक्त आमच्या आजीची गोष्ट सांगितली. आजी निफाड तालुक्यातली. ती लहान असताना गावात चहाचे एक दुकान होते. तिथे आपल्या लोकांचा कप वेगळा, कान तुटलेला, बाहेर वळचणीला खोचलेला. तो आपणच काढायचा, आपणच धुवायचा. चहाबरोबर पाव घ्यायचा तर पैसे पायरीवर ठेवायचे आणि पदर पसरून उभे राहायचे. दुकानदार वरून पाव टाकायचा. शिवाशिव होऊ नये म्हणून. कधी पदरात पडायचा, कधी मातीत. मातीत पडला तर झटकून खायचा, दुसरा मिळत नसे.

पुढे आजी नाशिकला आली, बांधकामावर घमेले उचलले, सत्तावन्न साली दीक्षा घेतली. संध्याकाळी कामावरून येताना ती पावाची लादी आणायची. आम्ही नातवंडे ताट घेऊन रांगेत बसायचो. ताटात तिने कधी पाव टाकला नाही. लादीतून एकेक पाव सोडवायची आणि म्हणायची, हात पुढे कर. हातातच द्यायची.